बेवारस टाच

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा बरी, चारचौघांत सांगता येईल अशी रचली असती. एवढी घाण तिच्यात कशाला घातली असती?

जेवत असाल तर आधी जेवून घ्या. नंतर मला नावं ठेवू नका.

आणि रात्रीची, अमावस्येची वाट बघत बसू नका. हे सगळं भर दुपारी सुरू झालं. मंगळवार होता. दवाखान्याची मधली सुट्टी. सकाळचे पेशंट गेले होते, संध्याकाळचे यायचे होते.

मी नर्स आहे. जुनाट जखमांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते. पायाच्या, पाठीच्या, टाचेच्या, महिनोन् महिने बऱ्या न होणाऱ्या जखमा. उभी हयात पू पुसण्यात गेली. काम झालं की साबणाने हात धुते आणि त्याच हातांनी निवांत डबा खाते. माझ्या सासूबाईंना माझं काम नुसतं ऐकून मळमळायचं. मला कधीच नाही.

सांगायचं एवढंच, की मला सहजासहजी किळस येत नाही.

त्या मंगळवारी आली. ती अजून गेलेली नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी जखम उघडली की तिच्याशेजारी कागदी मोजपट्टी धरायची आणि फोटो काढायचा. जखम भरतेय की पसरतेय ते त्यावरून कळतं. फोटो थेट कॉम्प्युटरमध्ये जातो. पुढे त्याचं काय होतं, याच्याशी मला कधी देणंघेणं नव्हतं.

मग कॉम्प्युटर रडायला लागला. जागा संपली, जागा संपली. एकेक पेशंट उघडायला इतका वेळ, की तोवर माझी पट्टी बांधून व्हायची. डॉक्टर वैतागले आणि मी माझ्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं. तो डेटाबेसचीच कामं करतो.

त्याला आम्ही बारक्या म्हणतो. लहानपणी होता बारीक. आता दारातून आत आला की खोलीतला उजेड कमी होतो, पण नाव तेच राहिलंय.

ड्रेसिंगच्या खोलीला लागूनच कॉम्प्युटरची खोली आहे. आधी तिथे कापूस आणि सलाईनची खोकी असायची. खिडकी नाही, नुसता पंखा. बारक्या तिथे बसला आणि तासाभरात त्याने मला हाक मारली.

"ताई, तुमच्याकडे बेवारस माल किती पडलाय, माहितीये?"

"काय पडलाय?"

"फोटो. मालक नसलेले."

मग त्याने मला समजावलं. तक्त्यात प्रत्येक पेशंटची एक ओळ असते. नाव, जन्मतारीख, आजार, असं बारीकसारीक त्या ओळीत मावतं. फोटो मावत नाही. तो फार मोठा असतो. म्हणून तो वेगळ्या कोठारात ठेवतात आणि ओळीत फक्त त्याचा नंबर लिहितात.

"स्टेशनवर सामान ठेवतो ना आपण, तसं," तो म्हणाला. "ट्रंक आत, बिल्ला खिशात. ओळ म्हणजे बिल्लावाला माणूस. ट्रंकेला आम्ही लार्ज ऑब्जेक्ट म्हणतो. ब्लॉब पण म्हणतात."

"शी. नावच कसं गळल्यासारखं वाटतं."

"तुझ्या खात्यात शोभतं की! तर आता, एखाद्या पेशंटची ओळ पुसली, म्हणजे बिल्ल्यासकट माणूस गेला. पण ट्रंक आत तशीच. ती वेगळी पुसावी लागते. तुमच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने एकही पुसली नाही."

"मग पूस की सगळ्या."

पण डॉक्टरांनी तसं करू दिलं नाही. चुकून एखाद्या हयात पेशंटचा बिल्ला हरवला असेल तर? प्रत्येक फोटो बघून मगच पुसा, म्हणाले.

आता गंमत अशी, की आमच्या प्रोग्राममध्ये फोटो पेशंटशिवाय उघडतच नाही. कोणाच्या तरी नावावर लावावा लागतो. मग बारक्याने एक खोटा पेशंट तयार केला. स्वतःचं नाव, स्वतःची जन्मतारीख. एकेक बेवारस फोटो त्या नावावर लावायचा, बघायचा, काढायचा, पुसायचा.

"अरे, स्वतःचं नाव कशाला?" मी विचारलं.

"सगळे असंच करतात, ताई. चाचणीचा पेशंट म्हणजे आपणच. निदान कोणी तक्रार तरी करत नाही."

दोन-चार फोटो बघून त्याने डबा बंद केला. मी त्याच्यासमोर बसून माझा संपवला आणि त्याची यथेच्छ टिंगल केली.

मग एक फोटो आला... आणि पंख्याचा आवाज बदलला.

"हा फोटो आहे की सिनेमा?" बारक्या पडद्याजवळ सरकला. "बाकीचे सगळे मिळून होत नाहीत एवढा हा एकटाच आहे."

फोटो वरून खाली हळूहळू उघडत होता. आधी भिंत दिसली. मग टेबलाची कड. मग घोटा.

मग टाच.

मी ती लगेच ओळखली. मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, जखमा आठवतात. ही पिशवीवाल्या आजोबांची डावी टाच होती.

आजोबा वर्षभर आमच्याकडे येत होते. एकटेच. उजव्या पायात बूट, डाव्या पायाच्या पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. कॉरिडॉरमध्ये त्यांची चाल लांबूनच ऐकू यायची. बुटाचा ठप्... मग पिशवी फरफटल्याचा सर्र... पुन्हा ठप्... पुन्हा सर्र. पिशवीच्या तळाला पिवळं पाणी साचलेलं असायचं. बाकावरचे लोक नाकाला रुमाल लावून उठून जायचे. आजोबा मात्र टेबलावर चढताना रोज विचारायचे, "सिस्टर, आज हळू काढाल ना?"

ते वारले. नंतर त्यांचा मुलगा पहिल्यांदाच दवाखान्यात आला. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच डॉक्टरांना म्हणाला, "त्यांचं काही ठेवू नका. सगळं पुसून टाका. घरी फोनही करू नका." त्याने दाराच्या मुठीलाही हात लावला नाही. दार पायाने ढकललं. माझं डोकं असं सणकलं होतं! पण नातेवाईकाची मागणी रीतसर होती. आजोबांची ओळ पुसली गेली.

ट्रंक राहिली.

"आजोबा गेल्यालाच खूप दिवस झाले," मी बारक्याला म्हटलं आणि तिथेच थांबले.

कारण ही जखम मी कधीच पाहिली नव्हती. टाच तीच, पण खड्डा दुपटीने मोठा. कडा पांढऱ्या, भिजलेल्या, आत वळलेल्या. मध्ये काळपट लिबलिबीत काहीतरी, आणि त्याच्या खाली हाड. मोजपट्टी धरणारा अंगठाही फोटोत नव्हता. कागदी मोजपट्टी नुसतीच टाचेला चिकटली होती.

आणि टेबलावरचं रेक्झिन... हिरवं होतं.

आजोबांच्या वेळी ते तपकिरी होतं. हिरवं आम्ही नंतर घातलं.

मी काही बोलायच्या आत बारक्याने फोटो आपल्या नावावरून काढला, पुसला आणि हात झटकले. "गेला. उलटी होईल मला. चल, चहा पिऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो त्याच्या नावावर परत लागलेला होता. आदल्या दिवसापेक्षा मोठा.

"दुसरीकडे कुठेतरी प्रत राहिली असेल," बारक्या म्हणाला. त्याने परत पुसला. मग आपली खोटी ओळही पुसली. दुपारपर्यंत दोन्ही जागच्या जागी. जागा आणखी कमी झालेली. तो वायरी तपासत बसला, आधीच्या माणसाला शिव्या देत बसला. मी मात्र दारातच उभी राहिले, कारण मला वास आला होता.

सडक्या मांसाचा वास तिखट नसतो. गोड असतो. फार पिकून फुटलेल्या फळासारखा. तो घशात चिकटतो आणि मग थुंकीलाही तीच चव येते.

"बारक्या, वास येतोय तुला?"

"कसला?"

मी कोपरे शोधले. खोकी हलवली. एखादा उंदीर मेला असावा, असं स्वतःला सांगितलं. उंदीर नव्हता. वास खालून येत होता, खुर्चीखालून. बारक्या कामाच्या नादात उजव्या बुटाने डावी टाच खाजवत होता.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये...

ठप्.

सर्र...

ठप्.

सर्र...

मधली सुट्टी होती. पुढचं दार मी स्वतः लावलं होतं. मी बाहेर डोकावले. कॉरिडॉर मोकळा. आवाज माझ्या समोरून गेला आणि ड्रेसिंगच्या खोलीपाशी थांबला. फरशीवर, उंबऱ्याजवळ, पिवळट पाण्याचा एक ओघळ होता. मी फिनाईल टाकून पुसला. फडकं बादलीत न टाकता थेट कचऱ्यात टाकलं. माझी पाचावर धारण बसली होती, पण घाण दिसली की हात आधी चालतात, त्याला इलाज नाही.

आत आले आणि बारक्याला म्हटलं, "मोजा काढ."

"वेडी झालीस का?"

"काढ म्हणते ना!"

मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. सलाईन ओतून, भिजवून, हळूहळू सोडवावा लागला. खालची कातडी मोज्याबरोबर आली. अख्खी, पांढरी, भिजलेल्या कागदासारखी. खाली बोटभर खड्डा होता. आणि बारक्या शांतपणे माझ्याकडे बघत होता. त्याला काही दुखत नव्हतं. काही जाणवतच नव्हतं.

माझ्या हातांनी मी हजारो जखमा धुतल्या असतील. त्या दुपारी भावाची टाच धुताना मी दोनदा बेसिनकडे धावले. घाण वाटली म्हणून नाही हो... म्हणजे, घाण वाटलीच. पण तो पाय बारक्याचा नव्हता. कडा, रंग, आत वळलेली कातडी, सगळं मी वर्षभर ओळखत होते. तो आजोबांचा खड्डा होता. ते पहिल्या दिवशी आले तेव्हा होता तेवढा.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. साखर ठीक, रक्तपुरवठा ठीक. खड्ड्यातला नमुना बाहेर तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, तुम्ही नमुन्यांत काही गोंधळ नाही ना केला?"

"माझ्या भावाचा नमुना आहे. गोंधळ कसा होईल?"

"ते म्हणतात, हे जिवंत माणसाचं मांस नाही. कधीच मेलंय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते जाऊ दे. पण हे असंच पसरत राहिलं तर टाच वाचणार नाही. हाडापर्यंत गेलं तर पाय घोट्यावरून काढावा लागेल. घरी सांगून ठेवा."

घरी कोणाला सांगणार? आई-बाबा नाहीत. बारक्याला मीच आहे आणि मला तो.

रोज सकाळी फोटो मोठा व्हायचा. रोज दुपारी मी बारक्याची पट्टी सोडायचे आणि फोटो जेवढा वाढलेला, तेवढाच पायातला खड्डाही वाढलेला दिसायचा. फोटो आधी, पाय नंतर. खोटी ओळ पुसली तरी परत यायची. फोटो पुसला तरी परत यायचा. जेवण मला जाईनासं झालं. डब्याचं झाकण उघडलं की तोच गोड वास.

मला खरा राग त्या मुलाचा यायचा. बाप पुसून मोकळा झाला आणि त्याची घाण माझ्या भावाच्या पायाला लावून गेला!

शेवटी बारक्याच म्हणाला. टेबलावर पालथा पडला होता, मी चिमट्याने खड्ड्यातून काळं काही ओढून काढत होते.

"ताई, हे मला त्रास द्यायला नाही आलं. याला मालक नाहीये. मी माझं नाव दिलं, म्हणून ते माझ्याकडे राहिलं."

"मग?"

"ज्याचं आहे त्याला परत देऊ. आजोबांची ओळ पुन्हा घालू."

नाव मला पाठ होतं. जन्मतारीख हवी होती, तिच्याशिवाय ओळ तयार होत नाही. मुलाला फोन लावला. मी दवाखान्याचं नाव घेताच त्याने ठेवून दिला.

मग मला आठवलं. एकदा टेबलावर पडल्या पडल्या आजोबा म्हणाले होते, "सिस्टर, आज माझा वाढदिवस. घरात कोणाच्या लक्षात नाही." मी म्हटलं होतं, "मग आज अगदीच हळू काढते." त्या दिवशी दवाखान्याचा वर्धापनदिन होता, बाहेर पेढे वाटत होते आणि मी त्यांना त्यातलाच एक दिला होता. म्हणून तारीख लक्षात राहिली. वयही ते कौतुकाने सगळ्यांना सांगायचे. वर्ष त्यावरून काढलं.

बारक्याने ओळ घातली. फोटोचा नंबर आपल्या नावावरून काढून आजोबांच्या नावावर लावला.

पंखा एकदम शांत झाला...

आणि वास गेला. खिडकी उघडावी तसा. त्या खोलीला खिडकी नाही.

बारक्याची टाच भरून आली. एवढ्या लवकर जखम भरलेली मी आजवर पाहिली नाही. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. फोटोही वाढायचा थांबला. बारक्याची ओळ पुसली, ती पुसलेलीच राहिली. मी कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला हसत सांगितली असती.

पण पेशंटची नवी ओळ घातली, की आमचा प्रोग्राम आपणहून पुढच्या ड्रेसिंगची वेळ देतो. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या यादीत आजोबांचं नाव होतं. मधल्या सुट्टीची वेळ. एक दिवसाआड. ड्रेसिंग करणार... मी.

वेळ झाली.

ठप्... सर्र... ठप्... सर्र...

दार हललं नाही. टेबलावरचं हिरवं रेक्झिन मात्र खाली दबलं. आधी मध्यावर, मग पायथ्याशी, टाच टेकते तिथे.

मी पळून जाऊ शकले असते. पण पळाले असते तर ती टाच कोणाकडे गेली असती?

मी ग्लोव्हज चढवले. गॉजचा बोळा भिजवला. दबलेल्या जागेवर धरला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण हाताखाली मऊ लागलं. कोमट. मी जरा दाबलं आणि बोट आत गेलं.

बोट आत गेलं हो. शेवटच्या पेरापर्यंत.

मी ओरडले नाही. ओठ चावला, पुसलं, धुतलं, पट्टी बांधली. गॉज उचलला तेव्हा तो जड झाला होता. पिवळा, हिरवा, त्यात काळे धागे. वर मी पद्धतीप्रमाणे मोजपट्टी धरून फोटोही काढला. फोटो बघितला नाही. नुसतं सेव्ह केलं.

तेव्हापासून एक दिवसाआड हेच चालू आहे. डॉक्टरांना वाटतं मी मधल्या सुट्टीत झोपते; खरं फक्त बारक्याला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, सवय झाली असेल. नाही झाली. त्या म्हाताऱ्याची दया येते आणि किळसही येते, दोन्ही एकदम, आणि कुठलीच कमी होत नाही. तरी मी हळूच काढते.

मध्ये तापाने पडले होते, जाऊ शकले नाही. दुपारी बारक्याचा फोन आला. आवाज अगदी साधा ठेवला होता त्याने.

"ताई, आज गेली नाहीस का?"

"का रे?"

"काही नाही. मोजा ओला झालाय."

मी तशीच, अंगात ताप घेऊन रिक्षा केली. टेबलावर खळगा तयारच होता. किती वेळ वाट बघत होता कोण जाणे.

जखम भरत नाही. मेलेल्या माणसाची कशी भरेल? आणि मी आता लवकरच निवृत्त होणार. माझ्या जागी नवी मुलगी येईल. रिकाम्या टेबलावर एक दिवसाआड पट्टी बांध आणि हळू काढ, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

बारक्याशी यावर मी बोलत नाही, तोही विषय काढत नाही. परवा घरी जेवायला आला होता. दारात बूट काढले तेव्हा पाहिलं, डाव्या पायात दोन मोजे घातले होते, एकावर एक.

त्याला वाढलं आणि स्वतःचं ताट बाजूला ठेवलं.